नाव, खाना आणि नाते : सायबरसुरक्षेच्या कोशाची गोष्ट

वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या ज्या जाती दिल्या त्यांना नावे नाहीत, क्रमांक आहेत. वेंगुर्ला-१ पासून वेंगुर्ला-९ पर्यंत. आमच्याकडचा बागायतदार रोपवाटिकेत जातो आणि सरळ ‘चार नंबर द्या’ किंवा ‘सात नंबर द्या’ म्हणतो. देणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या मनात एकच झाड असते. पण केंद्राच्या नोंदीत क्रमांकाच्या पुढेही काही असते. वेंगुर्ला-४ ही मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून आली. यातले वेतोरे आमच्याच तालुक्यातले गाव. वेंगुर्ला-७ ही वेंगुर्ला-३ आणि व्हीआरआय-१ यांच्यापासून झाली. म्हणजे नोंदीत तीन गोष्टी आहेत : झाडाचे नाव, ते कोणत्या खान्यात बसते तो खाना आणि त्याचे इतर झाडांशी असलेले नाते. या तिन्ही नसल्या की उरतो तो ‘गावठी काजू’. या शब्दात सगळे मावते, म्हणून त्यातून काहीच कळत नाही.

संगणकावरच्या हल्ल्यांचे ज्ञान मांडताना नेमका हाच प्रश्न जगापुढे आला. त्याला दिलेल्या उत्तराला ‘ऑन्टोलॉजी’ म्हणतात. मी संगणकशास्त्र शिकलेला माणूस नव्हे. जुने कागद वाचता वाचता कोशांच्या नादी लागलो आणि कोशांच्या वाटेने इथवर आलो. पण या विषयाकडे गंभीरपणे वळण्याचे कारण कागदात नव्हते, शेजारी होते.

काकींचा अर्ज

दोन वर्षांपूर्वी शेजारच्या काकी सकाळी सकाळी दारात आल्या. “कोणीतरी माझो मोबाइल हॅक केल्यान रे,” एवढेच त्या पुन्हा पुन्हा सांगत होत्या. खात्यातले अडतीस हजार गेले होते. तक्रारीचा अर्ज लिहायला मी बसलो. अर्जात लिहिले, ‘मोबाइल हॅक झाला.’ बँकेचे उत्तर आले की व्यवहार ओटीपी टाकून झाला आहे, सबब हा ग्राहकाचा निष्काळजीपणा आहे.

काकींनी ओटीपी कोणालाही सांगितला नव्हता. आदल्या संध्याकाळी त्यांना संदेश आला होता की बिल थकल्यामुळे आज रात्री वीज तोडली जाईल. दिलेल्या क्रमांकावर त्यांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने एक अॅप घ्यायला लावले आणि दहा रुपये भरायला सांगितले. ते अॅप मोबाइलचा पडदा पलीकडे दाखवणारे होते. ओटीपी आला तो पलीकडच्याने वाचला. याला ‘हॅक’ म्हणावे का? ‘ओटीपी सांगितला’ म्हणावे का? दोन्ही नाही. बँकेच्या अर्जात मात्र तेवढेच दोन खाने होते.

खाना कोणता यावर पैसे अवलंबून असतात. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७चे परिपत्रक पाहावे. चूक बँकेची असेल तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेची नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत अन्यत्र आहे आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तरीही शून्य. चार ते सात दिवसांत कळवले तर मर्यादित. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचे सगळे नुकसान त्याचे. जबाबदारी ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याचा भार त्याच परिपत्रकाने बँकेवर टाकला आहे. पण अर्जात मीच चुकीचा शब्द लिहून दिला होता.

दहा वर्ग आणि सात पदार्थ

शब्द नीट लावणे हे राज्य चालवण्याचे काम आहे, हे आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वीच ओळखले गेले होते. १६७४च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांच्या आज्ञेने ‘राज्यव्यवहारकोश’ तयार झाला. रघुनाथपंडितांच्या नावावर असलेल्या या कोशात सुमारे १३८० शब्द आहेत. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा कोश अशीच त्याची ओळख सांगितली जाते. माझे लक्ष मात्र त्याच्या रचनेकडे जाते. हे शब्द अकारविल्हे लावलेले नाहीत. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, भोग्यवर्ग, शस्त्रवर्ग, चतुरंगवर्ग, सामंतवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग आणि पण्यवर्ग असे त्याचे दहा वर्ग आहेत. दुर्गवर्ग उघडला की किल्ल्याचा कारभार समोर येतो, लेखनवर्ग उघडला की दफ्तर. शब्द शोधणाऱ्याला राज्याची रचनाही कळते. अमरकोशाची हीच परंपरा आहे.

त्याच्याही आधी वैशेषिकांनी जगातल्या सगळ्या गोष्टी पदार्थांत वाटून दाखवल्या : द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष आणि समवाय. पुढे त्यांत सातवा पदार्थ आला, अभाव. घडा आहे हे जसे ज्ञान, तसे ‘इथे घडा नाही’ हेही ज्ञान, आणि त्याला स्वतंत्र खाना हवा, हा त्यामागचा विचार. या सातव्या पदार्थाचे काम पुढे पुण्याच्या प्रकरणात पडणार आहे.

‘ऑन्टोलॉजी’ हा शब्द तत्त्वज्ञानातलाच. मराठीत त्याला सत्ताशास्त्र म्हणतात; काय काय ‘असते’ याचे शास्त्र. १९९०च्या दशकात संगणकाच्या अभ्यासकांनी तो उचलला आणि मर्यादित अर्थाने वापरला. एखाद्या क्षेत्रात कोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत आणि त्यांच्यात कोणती नाती असू शकतात, हे यंत्रालाही वाचता येईल इतके स्पष्ट लिहून ठेवणे, एवढाच तो अर्थ. यादीत नावे असतात. वर्गीकरणात नावे आणि खाने असतात. ऑन्टोलॉजीत नावे, खाने आणि नाती अशी तिन्ही असतात. नाते लिहिलेले असले की यंत्राला न सांगितलेली गोष्टही ताडता येते.

३२१ फटी

नोव्हेंबर १९८८मध्ये मॉरिस वर्म नावाच्या प्रोग्रॅमने तेव्हाच्या इंटरनेटवरची हजारो यंत्रे ठप्प केली. त्यानंतर अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठात पहिले ‘सर्ट’, म्हणजे संगणकीय आपत्तीला प्रतिसाद देणारे पथक, उभे राहिले. पुढच्या दहा वर्षांत फटी शोधणाऱ्या कंपन्या वाढल्या आणि प्रत्येकीने आपापली नावे ठेवली. एकच फट चार ठिकाणी चार नावांनी नोंदली जाई. दोन याद्या जुळवायला बसलेल्या माणसाला कळेना की हे चार रोग आहेत की एक.

जानेवारी १९९९मध्ये मायटर या संस्थेतल्या डेव्हिड मान आणि स्टीव्हन ख्रिस्ती यांनी सामायिक क्रमांकांची कल्पना मांडली. त्याच वर्षी सप्टेंबरात ‘सीव्हीई’ ही यादी ३२१ नोंदींनिशी सुरू झाली. प्रत्येक फटीला वर्ष आणि क्रमांक. आमचे ‘चार नंबर’, ‘सात नंबर’ म्हणतात तसेच. त्यामागोमाग २००६मध्ये सीडब्ल्यूई आली. ती एकेका फटीची यादी नाही, फटींच्या प्रकारांची आहे. २००७मध्ये हल्ल्यांच्या पद्धतींची सीएपीईसी आली. २०१५मध्ये हल्लेखोर प्रत्यक्षात काय काय करतात ते मांडणारा ‘अटॅक’ हा कोश खुला झाला.

या याद्यांना नात्यांनी जोडण्याचा विचार मात्र २००३मध्येच मांडला गेला होता. मेरिलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेतले जेफ्री अंडरकॉफर, अनुपम जोशी आणि जॉन पिंकस्टन यांनी हल्ल्यांच्या चार हजारांहून अधिक प्रकारांचा अभ्यास करून एक ऑन्टोलॉजी रचली. त्यांनी प्रत्येक हल्ल्याला चार प्रश्न विचारले : कशावर झाला, कोणत्या साधनाने झाला, परिणाम काय झाला आणि हल्लेखोर कुठे होता. एका यंत्राला दिसलेली अर्धी गोष्ट आणि दुसऱ्या यंत्राला दिसलेली अर्धी गोष्ट जोडून पूर्ण हल्ला ओळखता येतो, हे त्यांनी दाखवले. २०१६मध्ये त्याच विद्यापीठातून सगळ्या प्रमुख याद्यांना एकत्र बांधणारी ‘युनिफाइड सायबरसिक्युरिटी ऑन्टोलॉजी’ आली.

न्हावाशेवा, २७ जून २०१७

हे सगळे परदेशी प्रयोगशाळांतले आहे असे वाटू शकते. आम्ही बंदरवाले. डचांनी सतराव्या शतकात वेंगुर्ल्याला वखार घातली, तिचे अवशेष अजून उभे आहेत. त्यामुळे बंदराचेच उदाहरण घेतो.

२७ जून २०१७ रोजी डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पडले. त्याच समूहाचे जवाहरलाल नेहरू बंदरातले टर्मिनलही ठप्प झाले आणि कंटेनर अडकून पडले. हल्ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून सुटला होता. त्या एकाच प्रोग्रॅमला कोणी पेट्या म्हणाले, कोणी नॉटपेट्या, कॅस्परस्कीने एक्सपेट्र म्हटले, सिस्कोच्या संशोधकांनी न्येत्या, बिटडिफेंडरने गोल्डनआय.

नावांचा हा घोळ निस्तरता आला, कारण तो पसरण्यासाठी वापरत असलेल्या मुख्य फटीला एकच क्रमांक होता : सीव्हीई-२०१७-०१४४. तिचे ठिगळ मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिले होते. मे महिन्यातला वॉनाक्रायही त्याच फटीतून शिरला होता. क्रमांकामुळे दोन हल्ल्यांचे नाते लागले. (नॉटपेट्या चोरलेल्या पासवर्डांनीही पसरत होता, म्हणून नुसते ठिगळ पुरले नाही. तेही नात्यांतूनच कळते.)

खाना मात्र सुरुवातीला चुकला. पडद्यावर खंडणीची मागणी होती, म्हणून सर्वांनी त्याला खंडणीच्या प्रकारात टाकले. खंडणीच्या खान्याचा अर्थ असा की पैसे दिले तर फायली परत मिळण्याची शक्यता असते. नॉटपेट्याच्या रचनेत ती शक्यताच नव्हती; पडद्यावर दिसणारा ओळख-क्रमांक निव्वळ यादृच्छिक होता, त्यावरून किल्ली काढता येत नव्हती. तो खंडणीखोराचे सोंग घेतलेला विध्वंसक होता. चुकीच्या खान्यावर विसंबून ज्यांनी पैसे भरले त्यांचे दोन्ही गेले.

पुणे, ११ ऑगस्ट २०१८

आता आपल्या घरातले प्रकरण. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत एकूण ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. पहिल्या दिवशी, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे बारा हजार व्यवहारांनी ७८ कोटी काढले गेले. भारतातल्या सुमारे अठ्ठावीसशे व्यवहारांत अडीच कोटी गेले. सोमवारी स्विफ्टच्या मार्गाने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात वळवले गेले.

एटीएमचा व्यवहार कसा चालतो? यंत्र विचारते, कार्डाचे जाळे तो प्रश्न बँकेच्या ‘स्विच’कडे नेते, स्विच खातेवहीला विचारतो आणि शिल्लक असेल तर ‘होय’ म्हणतो. चोरांनी बनावट स्विच उभा केला. प्रश्न त्याच्याकडे वळले आणि त्यानेच ‘होय’ म्हटले. खातेवहीला कोणी विचारलेच नाही. बँकेची मुख्य प्रणाली शाबूत असल्याचे बँकेने सांगितले ते खरेच होते, कारण तिला वगळूनच चोरी झाली.

आदल्याच दिवशी, १० ऑगस्टला, अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना गोपनीय सूचना पाठवली होती की एटीएममधून एकाच वेळी अमर्याद पैसे काढण्याचा जागतिक बेत शिजतो आहे. म्हणजे बेत एका वहीत नोंदलेला होता, पैसे निघत असल्याच्या नोंदी कार्डांच्या जाळ्याच्या वहीत पडत होत्या आणि खातेवहीत काहीच पडत नव्हते. तीन वह्या, तीन भाषा.

इथे सातवा पदार्थ आठवावा. या चोरीची सर्वांत ठळक खूण एक अभाव होती : परवानगीची नोंद आहे, पण तिच्या जोडीची खातेवहीतली नोंद नाही. ‘प्रत्येक परवानगीमागे खातेवहीची एक तपासणी असलीच पाहिजे’ हे नाते कुठे तरी यंत्राला वाचता येईल असे लिहिलेले असेल, तरच तो अभाव दिसतो. नुसत्या व्यवहारांच्या यादीत प्रत्येक ओळ बिनचूक असते. चोरी ओळीत नव्हती, दोन ओळींमधल्या तुटलेल्या नात्यात होती.

ऑक्टोबरात अमेरिकी यंत्रणांनी या पद्धतीला ‘फास्टकॅश’ हे नाव देऊन तिचे तपशील जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने २०१९च्या अहवालात कॉसमॉसचा हल्ला उत्तर कोरियाच्या कारवायांत धरला. एप्रिल २०२३मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवले. ही इथे एटीएममधून पैसे काढण्याच्या साखळीतली माणसे. हल्ल्याचा कर्ता, हल्ल्याचे साधन आणि पैसे उचलणारा हात हे तीन वेगळे पदार्थ आहेत. ‘चोर सापडले’ या वाक्यात ते तिन्ही एक होऊन जातात.

मुंबईचा अंधार

१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २८ फेब्रुवारी २०२१ रोजी रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा अहवाल प्रसिद्ध झाला. चीनशी संबंधित गटाने भारताच्या वीजक्षेत्रात शिरकाव केल्याचे त्यात होते. मुंबईच्या अंधाराशी त्याचा संबंध सिद्ध झालेला नाही, हेही होते. दुसऱ्या दिवशी तेव्हाचे राज्याचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी महाराष्ट्र सायबरच्या प्राथमिक अहवालाचा हवाला देऊन चौदा ट्रोजन शिरवले गेले असण्याची शक्यता सांगितली. त्यानंतर केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी वीज गेली ती मानवी चुकीमुळे, असे सांगितले.

वर्तमानपत्रांत ही ‘परस्परविरोधी विधाने’ ठरली. नीट पाहिले तर विरोध नाही. ‘प्रणालीत ट्रोजन आढळला’ हे एक नाते. ‘ट्रोजनमुळे वीज गेली’ हे दुसरे. पहिले खरे असूनही दुसरे खोटे असू शकते. चांगल्या ऑन्टोलॉजीत ‘आढळणे’ आणि ‘कारण असणे’ यांच्यासाठी दोन वेगळ्या रेषा असतात. शिवाय या भाषांचा आणखी एक नियम आहे : नोंद नाही म्हणजे गोष्ट नाही, असे यंत्र परस्पर मानत नाही. ‘पुरावा सापडला नाही’ आणि ‘तपासले, नाही असे आढळले’ हे वेगळे ठेवावे लागते. अभाव सांगायचा तर आधी वही पूर्ण आहे, हे कोणाला तरी छातीवर हात ठेवून सांगावे लागते. पुण्याच्या प्रकरणात खातेवही पूर्ण होती, म्हणून तिच्यातला अभाव बोलका ठरतो. मुंबईच्या बाबतीत ती अट आधी पुरी व्हायला हवी.

वीस प्रकारांची यादी

आपल्या देशाचे सर्ट, म्हणजे ‘सर्ट-इन’, २००४पासून काम करते आहे. २८ एप्रिल २०२२च्या त्याच्या आदेशानुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते. आदेशाला घटनांच्या वीस प्रकारांची यादी जोडली आहे. ती उपयुक्त आहे, पण २००३चे चार प्रश्न हातात घेऊन वाचली तर तिच्यातली सरमिसळ दिसते. घातक प्रोग्रॅमचा हल्ला हा प्रकार साधनावरून ठरला आहे. डिजिटल पेमेंट प्रणालीवरचा हल्ला लक्ष्यावरून. माहिती फुटणे परिणामावरून. कॉसमॉससारखी घटना एकाच वेळी यांतल्या तीन-चार प्रकारांत बसेल. यादी भरणारा माणूस त्यातला एक निवडेल, दुसऱ्या बँकेतला दुसरा निवडेल आणि वर्षअखेरीच्या आकड्यांत एकच रोग दोन ठिकाणी वाटला जाईल. उपाय साधा आहे. एक खाना निवडायला सांगण्याऐवजी चार प्रश्न विचारावेत.

आणखी एक चिंता. एप्रिल २०२५मध्ये सीव्हीईचे अमेरिकी सरकारशी असलेले कंत्राट संपत आले आणि सगळ्या जगाचा हा क्रमांककोश बंद पडतो की काय, असा प्रसंग आला. ऐन वेळी मुदत वाढली. आपण कोणाच्या कोशावर उभे आहोत, हे त्या एका दिवसात दिसले. राज्यव्यवहारकोश करवून घेणाऱ्या राज्यकर्त्याला हा प्रश्न नवा वाटला नसता.

भाषांचा पूल बांधण्याची विद्याही आपल्याकडे आहे. मुंबईच्या आयआयटीत डॉ. पुष्पक भट्टाचार्य यांच्या गटाने हिंदी आणि मराठीचे शब्दजाळे बांधले, गोवा विद्यापीठात कोकणीचे झाले. त्यात वेगवेगळ्या भाषांतले एकाच अर्थाचे शब्द एका क्रमांकाला बांधलेले असतात. तक्रार मराठीत येते, क्वचित मालवणीत. कोश इंग्रजीत असतो. तोच पूल इथे हवा आहे.

पुन्हा अर्ज

काकींचा दुसरा अर्ज मी चार प्रश्नांवर लिहिला. लक्ष्य : मोबाइल आणि बचत खाते. साधन : वीजबिलाचा बनावट संदेश आणि पडदा दाखवणारे अॅप. परिणाम : दोन व्यवहार, वेळेसह. हल्लेखोर : अमुक फोन क्रमांक. शेवटी एक अभावही लिहिला : ‘ओटीपी तोंडी किंवा लेखी कोणालाही दिलेला नाही, कॉल संपल्यानंतर कोणताही संदेश पाठवलेला नाही, मोबाइल तपासणीसाठी हजर आहे.’ बँकेने प्रकरण पुन्हा उघडले. सतरा हजार परत आले, बाकीचे नाही. अॅप स्वतःहून घेतले, हा मुद्दा बँकेने सोडला नाही.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. बाजारात, एसटी स्टँडवर, बँकेच्या रांगेत माणसे या फसवणुकींबद्दल जे शब्द वापरतात ते डाव्या बाजूला लिहितो आणि उजवीकडे नेमके काय घडले ते. ‘हॅक केल्यान’ या एका शब्दासमोर बनावट लिंक आहे, बदललेले सिमकार्ड आहे, पडदा दाखवणारे अॅप आहे, नातलगाच्या नावाने उघडलेले खोटे खाते आहे आणि एकदा तर नुसताच बिघडलेला चार्जर आहे. तो शब्द सध्या आमचा ‘गावठी काजू’ आहे. त्याला क्रमांक देण्याचे काम चालू आहे.